मदत हवी आहे: 2009 चा फ्रिज, पुन्हा गॅस भरावा की नवा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. घरात 190 लिटरचा एका दाराचा फ्रिज आहे, सासऱ्यांच्या फंडातून घेतलेला. 2019 च्या पुरात त्याचा खालचा वीतभर भाग पाण्यात होता. वाळवून परत लावला आणि चालला. 2021 ला पाणी यायच्या आधीच चौघांनी उचलून माडीवर नेला.

आता दीड वर्षात दोनदा गॅस भरून झाला. मेकॅनिक म्हणतो, लिकेज सापडल्याशिवाय गॅस टिकणार नाही, आणि शोधायला मागचा पत्रा कापावा लागेल. साडेचार हजार, गॅरंटी नाही.

मी एक करून बघितलं. रात्री घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मीटरचा आकडा लिहिला. दहा ते सहा, एक युनिट. मशीन एकदाही कट होत नाही. म्हणजे दिवसाला तीन, महिन्याला नव्वद! दुकानात तेवढ्याच मापाच्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला दीडशेच्या आसपास लिहिलंय. आमचं बिल 170 युनिटांचं, आणि 100 च्या पुढे दर चढतो, म्हणजे वाचतील ती बहुतेक महागडीच युनिटं.

सासूबाई म्हणतात, "ह्यांनी आणलाय, चालतोय तवर चालू दे." त्यांना दुखवायचं नाही. पण त्यांचंच इन्सुलिन त्यात असतं, ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं. काल पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवला, तर 14. त्यांना कसं सांगू?

प्रतिसाद:
ताई, फ्रिजचं नंतर. इन्सुलिनची न उघडलेली पेनं आजच शेजाऱ्यांच्या फ्रिजात ठेवा. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलं की वाया जातं. आणि इतके दिवस 14 अंशांत राहिलेली वापरायची का, ते डॉक्टरांना विचारा. पुरात भिजलेल्या फ्रिजचा पत्रा कापायला पैसे घालू नका, एक भोक बुजवलं तरी गंज दुसरीकडे खातच असतो.

धागाकर्ती:
पेनं समोरच्या काकूंकडे ठेवली, डॉक्टरांनी नवीन आणायला सांगितली. सासूबाईंना काही बोलले नाही, थर्मामीटर हातात दिला. त्यांनी दार उघडून दोनदा बघितला. रात्री जेवताना म्हणाल्या, "लाल रंगातच मिळतोय का बघ."

एका दाराचा, लाल, खाली उंच स्टँड बसणारा कुणी घेतलाय का?