सिनाय पर्वताची चढण : श्वास, पायऱ्या आणि प्रार्थना (अनुभव धागा)

पवित्र भूमीच्या सहलीत इजिप्तचा टप्पा असला की कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास असते : 'पहाटे सिनाय पर्वत (ऐच्छिक)'. मोशेला देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या तो हाच, असं मानतात. वसई, मुंबई, नगर, पुण्याकडचे गट कैरोहून दिवसभर बस हाणत येतात, रात्री उशिरा जेवतात आणि एक वाजता उठून चढायला लागतात. उतरल्यावर कुणी म्हणतं प्रभूची भेट झाली, कुणी म्हणतं फक्त गुडघ्यांची झाली. हा फरक भक्तीचा कमी आणि तयारीचा जास्त असतो. गट नेणाऱ्यांनी, पाळकांनी, डॉक्टरांनी इथे लिहावं. अट एकच : 'आम्ही गेलो होतो तेव्हा' नको, पुढच्याला कामी येईल तेवढंच.

आधी आकडे. शिखर 2285 मीटर. पायथ्याचा संत कॅथरीन मठ सुमारे 1570 मीटरवर, म्हणजे चढाई 700 मीटरच्या आसपास. सिंहगडाच्या पायवाटेहून थोडी जास्त, पण अंधारात आणि थंडीत. वाटा दोन. एक उंटवाट, 19व्या शतकात इजिप्तचा शासक अब्बास पाशाने करवून घेतलेली, रुंद आणि वळणावळणाची. दुसरी मठाच्या मागून सरळ वर जाणारी 3750 दगडी पायऱ्यांची, साधूंनी रचलेली 'पश्चात्तापाची' वाट. शेवटच्या 750 पायऱ्या दोन्हींना समाईक. रात्री सगळे उंटवाटेनेच जातात आणि तेच बरोबर आहे. स्थानिक बेदूइन वाटाड्या सोबत लागतोच.

गट नेणारी, वसई

माणसं खचतात ती जवळपास एकाच जागी : उंटवाट संपते आणि 750 पायऱ्या सुरू होतात तिथे. पहाटेचे चार-साडेचार, सहा तासांपूर्वीचं जेवण जिरलेलं, घामाने भिजलेला बनियन गार पडलेला. या वेळेला शरीराचं तापमान तसंही सर्वात खाली असतं. मग डोक्यात येतं, 'देव मला वर बोलवत नाहीये.' तो देवाचा नकार नसतो, भूक असते. बायबलमधलं 'पहिले राजे', अध्याय 19 उघडून बघा. एलीया संदेष्टा याच होरेबाकडे (सिनायचंच दुसरं नाव) निघाला तेव्हा 'आता पुरे' म्हणून झुडपाखाली निजला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं, कारण वाट मोठी होती. आपण मात्र प्रायश्चित्तकाळ आहे म्हणून रिकाम्या पोटी चढतो! उपवास धरायचाच असेल तर फादरांशी आधी बोलून तो दुसऱ्या दिवशी धरा.

खायचं कसं : निघताना दोन-तीन खजूर आणि अर्धा पेला पाणी. पुढे दर पाऊण तासाने चिक्कीचा तुकडा किंवा अर्धा लाडू. पायऱ्यांच्या तोंडाशी चहाच्या टपरीत गोड चहा. पाणी दीड ते दोन लिटर, घोट घोट. उतरण्यासाठी अर्धा लिटर मागे ठेवा.

कपडे : अंगालगत सुती नको, घाम धरून ठेवतं. चढताना थोडं गारच वाटलं पाहिजे. स्वेटर पिशवीत ठेवा आणि माथ्यावर पोचताच, घाम वाळायच्या आत चढवा. लोक नेमकं उलट करतात, खालीच सगळं घालून निघतात आणि वर कुडकुडतात. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, कधी बर्फही पडतं. वर घोंगड्या भाड्याने मिळतात.

जपमाळेबद्दल

पायऱ्या 750, जपमाळेच्या पाच दशकांचे मणी 50. म्हणजे एका मण्याला 15 पायऱ्या. दशक संपलं की 150 पायऱ्या झाल्या. तिथे थांबायचं, डोंगराच्या अंगाला टेकायचं आणि 'हे आमच्या स्वर्गीय बापा' उभ्यानेच म्हणायचं. असे पाच टप्पे. मधल्या काळात किती उरलं हे वर बघून मोजायचं नाही, बोटांना कळतंच.

'नमो मरिया' चढताना मोठ्याने म्हणू नका. गटाला उत्साह असतो, पुढचा सुरू करतो, मागचे धापा टाकत उत्तर देतात आणि तिसऱ्या दशकात सगळे गप्प. चालताना मनात, थांबल्यावर तोंडाने. हातमोज्यात माळ निसटते, म्हणून ती मनगटाला एक वेढा देऊन धरा. अंगठीसारखी दहा मण्यांची माळ अंधारात अधिक सोयीची.

पाळक, नगरकडचे

आम्हा प्रोटेस्टंटांकडे माळ नाही, पण सिनायचीच एक जुनी रीत सर्वांना घेता येईल. संत जॉन क्लायमॅकस हे 7व्या शतकातले इथले मठाधिपती. आत्मिक चढणीच्या 30 पायऱ्यांवर त्यांनी लिहिलं, म्हणून नावच पडलं क्लायमॅकस, 'शिडीवाले'. शिडीवरून चढणारे आणि मधूनच खाली ओढले जाणारे साधू दाखवणारं 12व्या शतकातलं चित्र मठात आहे. येशूची आठवण श्वासाला जोडा, ही त्यांची शिकवण. ती पायांना अशी लावायची : 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा' हे दोन पावलांत श्वास घेताना, 'मज पाप्यावर दया कर' हे दोन पावलांत सोडताना. उंटवाटेवर दोनाऐवजी तीन पावलं जमतात. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजा. घड्याळापेक्षा हे माप खरं.

गटाची रचनाही शास्त्रातूनच घ्या. बायबलच्या निर्गम पुस्तकात, अध्याय 18 मध्ये, सासरा इथ्रो मोशेला दहा-दहांवर नायक नेमायला सांगतो. चाळीसच्या गटाला चार नायक, प्रत्येकाजवळ शिट्टी आणि नावांची यादी. सर्वात सावकाश चालणारा पुढे, नायक शेवटी. वाटाडा पुढे पळाला तर पळू द्या, रात्रीची वाट एकच आहे.

एक स्पष्ट बोलतो. हाच तो पर्वत, असं शास्त्र कुठे नकाशा काढून सांगत नाही. ही परंपरा 4थ्या शतकापासूनची. एगेरिया नावाची यात्रेकरू इ.स. 383च्या सुमारास इथे चढली आणि खोगिरावर बसून वर जाता येत नाही, भिंतीसारखं सरळ चढावं लागतं, असं लिहून गेली. सोळाशे वर्षांची प्रार्थना या दगडांत मुरली आहे, तेवढं मला पुरतं.

डॉक्टर

ही उंची हवा विरळ होऊन गंभीर आजार व्हावा इतकी नाही. त्रास होतो तो कोरड्या थंड हवेचा, अर्धवट झोपेचा आणि सवय नसण्याचा. दमेकऱ्यांनी पंप आतल्या खिशात ठेवावा, थंड पंप नीट फवारत नाही, नाक-तोंडावर रुमाल. मधुमेहींनी इन्शुलिन आणि साखर मोजायचं यंत्रही अंगालगत ठेवावं. खिशात साखरेच्या गोळ्या. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ आली तर 'प्रभू सांभाळेल' म्हणून पुढे जायचं नाही. तिथेच बसा आणि नायकाला सांगा. दुखणं लपवणं हा विश्वास नव्हे.

सराव : दहा मजली इमारत, मजल्याला साधारण 20 पायऱ्या. चार वेळा चढलात की 750 पार. दोन महिने, आठवड्यातून तीनदा. निदान एकदा तरी जिन्यानेच उतरा, कारण सिनायला गुडघे जातात ते उतरताना. तिथल्या पायऱ्या ओबडधोबड, कुठे वीतभर तर कुठे गुडघ्याइतक्या. दोन काठ्या न्या.

उंट घेणाऱ्यांसाठी

भाडं आणि 'कुठपर्यंत' हे बसण्याआधी ठरवा. उंट 750 पायऱ्यांच्या आधी सोडतो, वर कुणालाच नेत नाही. तो मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे माणूस पुढे फेकला जातो. उठताना आणि बसताना दोन्ही वेळा मागे रेला. पाय लोंबकळून बधिर होतात, अधूनमधून घोटे फिरवा. चालणाऱ्यांनी मागून उंट आला तर डोंगराच्या बाजूला सरकावं, दरीच्या नव्हे. डोक्याची बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारू नका.

माथ्यावर काय करावं

पुष्कळांची निराशा इथे होते. पवित्र त्रैक्याचं चॅपेल (1934 साली जुन्या चर्चच्या अवशेषांवर बांधलेलं) बहुधा कुलूपबंद, शेजारी छोटी मशीद, आणि प्रत्येक दगडावर मोबाइल उगारलेली माणसं. सूर्य वर आला की टाळ्या आणि धक्काबुक्की. मनात काहीच हललं नाही म्हणून लोक ओशाळतात. एलीयालाही वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत परमेश्वर भेटला नव्हता. त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला. तेव्हा सूर्योदयाला पाठ करा, पश्चिमेकडच्या कड्यांवरून उजेड कसा खाली उतरतो ते बघा. अर्ध्या-पाऊण तासात गर्दी ओसरते. वचन तेव्हा वाचा, एकाने, हळू. स्पीकरवर भजनं नकोत. इतरांचीही ही पवित्र जागा आहे.

उतरताना गुडघे धड असतील तर पायऱ्यांची वाट घ्या, उजाडल्यावरच. 750 उतरलं की एलीयाचं खोलगट पठार लागतं, तिथे जुनं सुरूचं झाड आहे. माथ्यापेक्षा प्रार्थनेला ही जागा बरी. पुढे दगडी कमानी येतात. त्यातल्या एकीपाशी 6व्या शतकातला स्टेफन नावाचा साधू यात्रेकरूंचं पापनिवेदन ऐकून मगच वर सोडत असे. त्याचा झगा घातलेला सांगाडा मठाच्या अस्थिगृहात बसवलेला आहे. बरोबर फादर असतील तर कमानीपाशी पापनिवेदनाला वेळ ठेवा.

प्रश्न : सत्तरीपुढच्या आई-वडिलांना न्यावं का?

ताई, डोंगरावर नको, पण सिनायला जरूर न्या. निर्गम 19 मध्ये सगळं इस्राएल पायथ्याशीच होतं, वर चढायची त्यांना मनाई होती. राहाचं मैदान जवळच आहे, इस्राएलाची छावणी तिथे होती असं मानतात. पहाटे साडेपाचला त्यांना गाडीने तिथे सोडा. घडीचं स्टूल, शाल, थर्मास द्या. वर चढलेल्यांच्या नावांची यादीही द्या, एकेक नाव घेऊन प्रार्थना करायला. सोबत एक तरुण माणूस ठेवा. मठ सकाळी थोडाच वेळ उघडतो, शुक्रवारी-रविवारी बहुधा बंद, म्हणून वार पाहूनच मुक्काम ठरवा. दार नऊला उघडतं. पावणेनऊला रांगेत असलात तर जळत्या झुडपापाशी गर्दीच्या आधी दहा मिनिटं शांत उभं राहता येतं.