पेस्टलमध्ये आंब्याची सावली मळकट होते

प्रश्न: साध्या कार्ट्रिज कागदावर सॉफ्ट पेस्टलने (खडूसारख्या मऊ रंगकांड्यांनी) हापूस काढतोय. पिवळ्यावर काळा घासला की सावली हिरवट, मळकी दिसते. तिसऱ्या थरानंतर तर रंग बसतच नाही. काय चुकतंय?

उत्तर १: पिवळ्यात काळा मिसळला की हिरवटच दिसणार. काळी कांडी डब्यातच राहू द्या. सावलीत आधी गेरू, वर अगदी हलका जांभळा, मग केशरी, शेवटी पिवळा. बोटाने फक्त पहिला थर चोळा.

उत्तर २: रंग न बसणं हा कागदाचा दोष. कार्ट्रिजचा खरखरीतपणा लगेच भरून जातो. १६० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) राखाडी पेस्टल कागद घ्या. जास्तीची पूड कडक ब्रशने झटका. फुंकू नका, नाकात जाते.

उत्तर ३: फिक्सेटिव्हने (रंगाची पूड पक्की बसवणाऱ्या फवाऱ्याने) फिके रंग गडद होतात, म्हणून चकाकीचा ठिपका फवारणीनंतरच. तोही फिकट पिवळा. पांढराफेक दिला की आंबा प्लॅस्टिकचा वाटतो!