मदत हवी आहे : लाइट गेल्याचा वेळ पाळीतून वजा करता येतो का?

गिरणाकाठ :
जळगाव एमआयडीसीतील एका प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मी आठ वर्षांपासून आहे. नवे व्यवस्थापक आल्यापासून दोन नियम सुरू झाले आहेत. लाइट गेली की लूम बंद पडतात. माणसे शेडमध्येच बसून राहतात, परंतु तो वेळ पाळीत धरला जात नाही आणि सायंकाळी तितकाच वेळ ओव्हरटाइमशिवाय थांबवून घेतले जाते. दुसरे म्हणजे दहा मिनिटे उशीर झाला तरी अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, मग पाळधीहून येणारी एसटीच उशिरा आलेली का असेना. विचारले तर "ही शिस्त आहे" एवढेच उत्तर मिळते. काय करावे ते लवकर सांगावे. नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

बोदवडकर :
आपले पद कोणते, पगार किती, नियम लेखी आहेत की तोंडी? एवढे कळल्याशिवाय काय सांगणार?

केळीवाला_रावेर :
नको म्हटलात तरी सांगतो, नोकरी सोडा. मी सोडली आणि केळीच्या वेफर्सचा व्यवसाय सुरू केला. आता कोणी घड्याळ दाखवत नाही.

तापीपूर :
रावेरचे भाऊ, सगळ्यांनीच वेफर्स तळायला घेतले तर ते खाणार कोण? गिरणाकाठ, आपण युनियन करा. एकट्याने बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात.

शेड_मालक :
माझा स्वतःचा लहान कारखाना आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वीज नसेल तर उत्पादन नाही, आणि उत्पादन नसताना पूर्ण पगार द्यायचा कुठून? कायद्यातही विजेअभावी ले-ऑफची तरतूद आहे.

टाइमऑफिसवाले_आप्पा :
मी भुसावळला तीस वर्षे टाइम ऑफिसात मस्टर सांभाळले आहे. ले-ऑफ म्हणजे काम नाही असे रीतसर सांगणे. माणसे शेडमध्ये बसवून ठेवायची आणि तोच वेळ सायंकाळी भरून घ्यायचा, याला ले-ऑफ म्हणत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुनी कलमे पाठ असणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) ती पुन्हा वाचावीत. वेतन संहितेनुसार गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते, म्हणजे दहा मिनिटांसाठी दहा मिनिटांचेच पैसे. त्याहून जास्त कापले तर तो दंड ठरतो, आणि दंड लावायचा तर संबंधिताचे म्हणणे आधी ऐकावे लागते, तो त्या वेतनकाळातील पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागते. नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त कामाला दुप्पट दर आहे.

सातपुडा_७७ :
पीएफ काढायचा असल्यास आधी आधार आणि बँक खाते जोडून घ्यावे, नाहीतर अर्ज परत येतो.

तापीपूर :
पीएफ कोणी विचारला? आणि गिरणाकाठ, बोदवडकरांच्या प्रश्नांना उत्तर द्या.

गिरणाकाठ :
क्षमस्व, ते राहून गेले. मी शिफ्ट इन्चार्ज आहे आणि पगार २२,००० रुपये आहे. नियम तोंडीच सांगितले आहेत. उशिराच्या रजिस्टरवर सही मात्र मला करावी लागते, आणि माझ्याही पगारातून दोनदा कपात झाली आहे.

बोदवडकर :
हेच आधी सांगायला हवे होते. औद्योगिक संबंध संहितेत १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' धरला जात नाही, त्यामुळे युनियनचा मार्ग आपल्याला तितकासा उपयोगी नाही.

टाइमऑफिसवाले_आप्पा :
बरोबर, परंतु वेतन संहितेतील 'कर्मचारी' या व्याख्येत पर्यवेक्षकही येतात, त्यामुळे आपल्या कपातीबद्दल आपण स्वतः दावा करू शकता. त्याला तीन वर्षांची मुदत आहे. हाताखालच्या माणसांना नाव पुढे करायची भीती वाटत असेल, तर त्यांच्या वतीने नोंदणीकृत युनियन किंवा सरकारी निरीक्षकही अर्ज करू शकतात. त्याआधी एक गोष्ट करा. व्यवस्थापकांना ईमेलने एवढेच विचारा की, लाइट गेल्याचा वेळ पाळीत धरायचा नाही ही सूचना मी मस्टरमध्ये कोणत्या शेऱ्याने नोंदवू? वाद घालू नका, आरोप करू नका. तोंडी नियम लेखी मागितला की निम्मे व्यवस्थापक तो मागे घेतात, असा माझा अनुभव आहे.

शेड_मालक :
आणि उरलेले निम्मे शिफ्ट इन्चार्ज बदलतात.

टाइमऑफिसवाले_आप्पा :
तेही होते, म्हणूनच कागद आधी जमवायचा. लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली, याची कारखान्यात कुठे नोंद होते का?

गिरणाकाठ :
होते, आप्पा. मेंटेनन्सच्या लॉगबुकात होते आणि माझ्या पाळीत ती मीच लिहितो. आज रात्री ईमेलचा मसुदा येथे टाकतो.