जनरल डी बॉयनच्या नावाचा फलक ग्वाल्हेरात असावा का?

लष्करवासी (धागाकर्ता)

परवा आमच्या दौलतगंजात महादजी शिंद्यांवर एक छोटेखानी व्याख्यान झालं. शेवटी मी म्हटलं की शहरात जनरल डी बॉयनच्या नावाचा एखादा फलक तरी हवा. लगेच मागून आवाज आला, "भाडोत्री गोऱ्याचा फलक कशाला?" तिथे वेळ नव्हता, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

बन्वा डी बॉयन १७५१ मध्ये सॅव्हॉयमधल्या शांबेरीत जन्मला. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत सुरुवात, मग रशियाच्या बाजूने लढताना तुर्कांच्या कैदेत, पुढे मद्रासेत कंपनीची नोकरी. तीही सुटली. महादजी गोहदच्या राण्याशी लढत होते, तेव्हा याने राण्यालाच पलटणी उभारून देतो असं कळवलं होतं, म्हणजे थेट महादजींविरुद्ध! राण्याने विश्वास ठेवला नाही. महादजींच्या कानावर ते गेलं आणि १७८४ मध्ये त्यांनी त्यालाच पदरी घेतलं. माणसाची अशी पारख किती जणांना असते?

सुरुवात दोन पलटणींची. १७८७ मध्ये राजपुतांविरुद्धच्या लालसोटच्या लढाईत पगार थकल्यामुळे महादजींच्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. त्या पडत्या काळात राठोडांच्या घोडदळापुढे डी बॉयनच्या पलटणी उभ्या राहिल्या. १७९० मध्ये दहा पलटणींचा पहिला कंपू तयार झाला, पुढे असे तीन झाले. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत असे.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. खर्चासाठी दुआबातली जहागीर लावून दिलेली असल्यामुळे या शिपायांचा पगार वेळेवर होत असे. जखमी झाला तर पैसे, कायमचा अपंग झाला तर जमीन. ज्या काळात पगारासाठी सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरणं नेहमीचं होतं, त्या काळातली ही व्यवस्था आहे. शिपाई उगाच जिवावर उदार होत नाही.

जुना इंदूरकर

सपशेल असहमत. पगार वेळेवर दिला म्हणून फलक लावायचा?

१७९३ ची लाखेरीची लढाई तुम्ही सोयीस्कर वगळलीत. समोर कोण होतं? आमचे तुकोजी होळकर आणि दुद्रनेक या फ्रेंच अधिकाऱ्याने तयार केलेल्या त्यांच्या चार पलटणी. लढाईत डी बॉयनच्या दारूगोळ्याच्या एका गाडीवर गोळा पडला आणि एकामागून एक गाड्या उडाल्या. तरी त्याच्या रांगा मोडल्या नाहीत, हे मान्य करतो. होळकरांच्या पलटणी मात्र जवळजवळ कापल्या गेल्या. त्या वेळी अहिल्याबाई हयात होत्या. मराठ्यांची दोन घराणी एकमेकांना संपवत होती आणि दोन्हीकडे हुकूम सोडणारे फिरंगी! आम्ही इंदुरात बसून त्या माणसाचा गौरव करावा, ही अपेक्षाच करू नका.

आणि नोकरी धरतानाच त्याने अट घातली होती की इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणार नाही. ज्या शत्रूने पुढे सगळं गिळलं, नेमका तोच वगळून केलेली चाकरी ही.

लष्करवासी

लाखेरीचं दुःख मलाही आहे. पण तो बेबनाव डी बॉयनने आणला नाही, शिंदे-होळकरांचं वितुष्ट त्याच्या कितीतरी आधीचं. डी बॉयनबरोबर गोपाळरावभाऊ आणि लखबादादा लाड हे महादजींचे सरदारही त्या लढाईत होते, त्यांना आपण दोष देतो का?

जिवाजीगंजची मेघना

माझा आक्षेप निराळा आहे. राजपुतांविरुद्धच्या पाटण आणि मेडता या लढाया म्हटलं की सगळे डी बॉयनचं नाव घेतात, कारण त्याच्याबद्दल इंग्रजी-फ्रेंचमध्ये भरपूर लिहिलं गेलं. गोपाळराव रघुनाथ, जिवबादादा बक्षी, राणेखान यांच्याबद्दल आपल्याच मुलांना काय माहीत असतं? पानिपतावरून जखमी महादजींना वाचवून आणणारा राणेखान. १७८८ मध्ये आग्र्याला मोगल सरदार इस्माईल बेगचा पाडाव झाला, तेव्हा फौज त्याच्या हाताखाली होती. त्याचा फलक कुठे आहे?

मेडत्याला (१० सप्टेंबर १७९०) डी बॉयनचं कसब दिसलं हे खरं. भल्या पहाटे हल्ला. त्याचाच एक फ्रेंच अधिकारी हुकमाची वाट न बघता पुढे घुसला, फळीत खिंडार पडलं आणि राठोडांनी त्यातून घोडे घातले. डी बॉयनने तिथल्या तिथे पलटणींचा पोकळ चौकोन करवला, चारही बाजूंना बंदुका. राठोड केसरिया करून पुन्हा पुन्हा चालून आले आणि तोफांच्या छर्‍यांपुढे पडत गेले. पण ज्यांनी चौकोन धरला ते शिपाई अवध-दुआबातले. त्यांचं एकाचंही नाव आपण घेत नाही.

आणखी एक. त्याची इथली बायको हेलेना त्याच्याबरोबर दोन मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. तिथे १७९८ मध्ये त्याने एका फ्रेंच सरदाराच्या कोवळ्या मुलीशी लग्न केलं आणि हेलेनाने ससेक्समधल्या एका खेड्यात १८५३ पर्यंत आयुष्य काढलं. त्याचं आयुष्य सांगता ना, मग हेही सांगा.

निवृत्त सुभेदार, शिंदे की छावणी

मी पायदळात नोकरी केली आहे, म्हणून फक्त फौजेपुरतं बोलतो. धागाकर्त्याने पगाराचं लिहिलं ते सोळा आणे खरं. रसद आणि पगार नसेल तर कवायत काय कामाची?

पण या घडीत एक भयंकर उणीव होती. पलटणीचा वरचा अधिकारी जवळजवळ नेहमी युरोपियन. एतद्देशीय माणूस शिपाई, हवालदार, सुभेदार इथपर्यंत चढायचा आणि अडकायचा. वर जाऊन कंपू चालवायला तयार झालेला आपला माणूसच नाही. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला वारले, डी बॉयन १७९५ अखेर बाहेर पडला आणि सगळं त्याच्या जागी आलेल्या पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती गेलं. मग १८०३ चं इंग्रज-मराठा युद्ध आलं. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला, तसे शिंद्यांचे ब्रिटिश वंशाचे अधिकारी भराभर तिकडे गेले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. आत शिरण्याची वाट दाखवणारा लुकान हा शिंद्यांच्याच नोकरीतून फुटलेला माणूस. दोन-चार दिवसांत पेराँनेही नोकरी सोडून इंग्रजांचा आसरा घेतला.

आता १ नोव्हेंबरची लासवारी बघा. बहुतेक गोरे अधिकारी निघून गेलेले. तरी त्या पलटणी हलल्या नाहीत. गोलंदाज संगिनी अंगात घुसेपर्यंत तोफा सोडेनात, हे खुद्द इंग्रज सेनापती लेकने कळवलं आहे. यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही, असंही त्याने लिहिलं. मी उलटा प्रश्न विचारतो. यांना आपले अधिकारी असते तर?

लष्करवासी

सुभेदारसाहेब, तुमचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. पण दोष नोकराचा की धन्याचा? महादजींना दिल्लीचा कारभार, राजपूत, इस्माईल बेग असं सगळं एकाच वेळी सांभाळायचं होतं. तयार अधिकारी मिळतोय तर घ्या, अशी ती निकड होती. आपल्या मुलांना शिकवण्यासाठी निवांत दहा वर्षं त्यांना मिळालीच नाहीत. महादजींचे वारस दौलतराव यांना मात्र वेळ होता, त्यांनी तो वाया घालवला. डी बॉयनने तर जाताना त्यांना बजावलं होतं की इंग्रजांशी लढाईची वेळ आणू नका, त्यापेक्षा पलटणी मोडलेल्या बऱ्या. सल्ला कडू होता, पण फसवा नव्हता.

मेघनाताई, राणेखानाचा फलक आधी लागावा, माझी ना नाही. शिपायांबद्दलही तुम्ही बरोबर आहात. पण एकाचं नाव राहून गेलं म्हणून दुसऱ्याचंही पुसायचं, हे मला पटत नाही. शांबेरीत त्याच्या नावाने १८३८ पासून चार हत्तींचं कारंजं उभं आहे. त्याला ती दौलत ज्या राज्याने दिली, त्या राज्याच्या राजधानीत दगडावर चार ओळीही नसाव्यात?

जुना इंदूरकर

ते कारंजं कशाच्या पैशातून आलं? सुमारे चार लाख पौंड घेऊन गेला तो. शांबेरीला दवाखाने झाले, रस्ते झाले. त्यांनी हत्ती उभारले ते योग्यच केलं, त्यांच्यावर उपकार आहेत त्याचे.

आमच्या यशवंतरावांनी १८०४ मध्ये काय केलं तेही सांगतो. त्यांच्याच नोकरीतला विकर्स आणि त्याच्याबरोबरचे दोन इंग्रज अधिकारी लेककडे जायच्या बेतात आहेत असं दिसताच तिघांची डोकी उडवली. याच विकर्सने पुण्याच्या लढाईत त्यांना विजय मिळवून दिला होता, तरीही. कठोर वाटेल, पण भाड्याच्या निष्ठेची किंमत त्यांनी ओळखली होती.

सल्ला फसवा नव्हता म्हणता. मग हेही फलकावर कोरा: शिंद्यांची नोकरी सोडून जाताना डी बॉयनने आपलं खाशा घोडदळाचं पथक, घोड्यांसकट, ईस्ट इंडिया कंपनीला विकलं.

निवृत्त सुभेदार, शिंदे की छावणी

विकलं हे खरं आहे, इंदूरकर. ते पथक त्याच्या स्वतःच्या खर्चाने पोसलेलं होतं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याची मालमत्ता. पण त्या स्वारांना कुणी विचारलं होतं का, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. फलकाची वर्गणी काढलीत तर लासवारीच्या गोलंदाजांसाठी माझे पैसे धरा. डी बॉयनसाठी नको.