दसऱ्याच्या फोटोतली ही गाडी कोणती? (बडोदा)

बडोद्याची_नात
आजीच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरासमोर दसऱ्याला गाडीची पूजा चाललीय. आजोबा काळ्या कोटात (न्यायमंदिरात वकिली करायचे, सणालासुद्धा कोट सुटला नाही), आजी नऊवारीत, कडेवर धाकटी आत्या. गाडीच्या तोंडावर नेमकी झेंडूची एवढी जाड माळ की जाळी, बिल्ला, नंबरप्लेट सगळं झाकलंय. दिसतं ते एवढंच: गोलसर बॉनेट, मडगार्डातच बसवलेले दिवे, चार दारं. ड्रायव्हरचं दार उघडं आहे, पण उलटं वाटतं. बाबांचं म्हणणं, निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय. काका म्हणतात मॉरिस मायनर. शिवाय ही गाडी राजवाड्याच्या गॅरेजमधून लिलावात घेतली, अशी घरात आख्यायिका! जाणकारांनी सांगावं.

फोटोवेडा
घरावर वकिलांची पाटी असेलच. ती सरळ वाचता येते का? आणि आजींचा पदर कुठल्या खांद्यावर?

बडोद्याची_नात
पाटी सरळ. पदर डाव्या खांद्यावर, आपल्यासारखाच.

जुना_मिस्त्री
मग फोटो सरळच आहे. आणि ताई, उलटा छापला तर डाव्याचं उजवं होईल, गाडीच्या पुढचं मागे कसं जाईल? दाराच्या बिजागऱ्या कुठे आहेत ते नीट बघा. दोन दारांमधल्या खांबाला असतील, आणि पुढच्या दाराची मूठ पुढच्या काचेच्या बाजूला, तर ती डुक्कर फियाट (जुन्या गोलसर फियाट ११०० चं टोपणनाव). पुढच्या आणि मागच्या दाराच्या मुठी एकमेकींपासून लांब, दोन टोकांना दिसतील. मॉरिस मायनरचं पुढचं दार आजच्या गाड्यांसारखंच उघडतं, त्या काळच्या हिंदुस्तान लँडमास्टर गाडीचंही. म्हणजे काकांचा मुद्दा तिथेच संपला.

मी रावपुऱ्यात एका गॅरेजात या फियाट पुष्कळ खोलल्यात. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ते दार नऊवारीतल्या बाईला उतरायला फार सोयीचं, पण चालत्या गाडीत कडी निसटली की वारा दार फाडून उघडायचा. आम्ही कडीचा खटका आधी तपासायचो, मग बाकीचं काम.

राजवाड्याचं म्हणाल तर, ही गाडी प्रीमियर कंपनीवाल्यांनी १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला बांधली. वकील, डॉक्टर, पेढीवाले घ्यायचे तीच. तिला लिलावाची गोष्ट कशाला हवी?

बडोद्याची_नात
मिस्त्रीकाका, मोठा करून बघितलं. बिजागऱ्या मधल्या खांबालाच! पुढची मूठ अगदी काचेजवळ, आजीचा हात तिच्यावरच आहे. साल सांगता येईल का?

जुना_मिस्त्री
१९६४ ला फियाटचं पुढचं मॉडेल डिलाइट आलं, त्याची पुढची दारं सरळ. त्यामुळे तुमची गाडी १९५४ ते १९६४ मधली. पण फोटो गाडीच्याच सालचा असतो असं नाही. लोक एकच गाडी वीस-वीस वर्षं वापरायचे, दर दसऱ्याला माळ नवी.

फोटोवेडा
फोटोच्या सालासाठी कडेवरचं बाळ बघा. धाकट्या आत्यांचा जन्म कधीचा?

बडोद्याची_नात
जून १९६१. कडेवर बसलीय, मानही धरलीय, पण अजून टक्कल आहे. म्हणजे त्याच वर्षीचा दसरा.

फोटोवेडा
छान. आता गाडीचा दुसरा फोटो शोधा, मागून काढलेला मिळाला तर उत्तम. १ मे १९६० पर्यंत बडोदं मुंबई राज्यात होतं. नंबरप्लेटवर त्या काळची अक्षरं निघाली, तर गाडीची नोंदणी त्याआधीची.

जुना_मिस्त्री
आर.सी. बुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक) शोधा. पूर्वीचा मालक कोण, तेही त्यात निघेल.

बडोद्याची_नात
आत्या म्हणते ते आजोबांच्या कोर्टाच्या कागदांत असणार. आठ गठ्ठे आहेत, सगळ्यांना लाल फडकी. रविवारी बसते. बाबांना लिलावाचं अजून काही बोलले नाहीये, आधी बुक हातात येऊ दे.