शब्दचर्चा : ‘ग्रेन’ला कण म्हणावं का?

प्रश्न
कृष्णधवल फिल्मवरचा एक लेख तपासतेय. लेखकाने ‘ग्रेन’साठी (फोटोत दिसणाऱ्या दाणेदारपणासाठी) सगळीकडे ‘कण’ वापरलाय. एक वाक्य असं : ‘स्कॅन केल्यावर फिल्मचे कण मोठे होतात.’ निगेटिव्ह तीच, मग कण मोठे कसे होतील?

प्रतिसाद १
‘कण’ नकोच. फिल्म डेव्हलप झाल्यावर तिच्यातल्या सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराच्या स्फटिकांची चांदी होते. तिचा एकेक कण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावा इतका बारीक. नुसत्या डोळ्यांना जाणवतात ते जिलेटिनच्या थरात एकमेकांवर आलेले त्यांचे पुंजके. तूप रवाळ आहे म्हणताना आपण सुटा रवा दाखवत नाही, तसंच हे. ग्रेन म्हणजे पोत. मी ‘रवा’ लिहीन.

प्रतिसाद २
‘ट्राय-एक्सचा रवा’ (ट्राय-एक्स ही कोडॅकची कृष्णधवल फिल्म) वाचून लोक शिरा करायला घेतील! डार्करूममध्ये सगळे ग्रेनच म्हणतात, तोच ठेवा.

खरी अडचण ‘मोठे होतात’ची आहे. इंचाला २४०० पिक्सेल या हिशोबाने स्कॅन केलं, तर एक पिक्सेल फिल्मवरची सुमारे १०.६ मायक्रॉन रुंदी घेतो. ४००० ला ६.३५. पुंजके याच मापाच्या आसपास किंवा त्याहून बारीक असले, की स्कॅनरला ते नीट टिपता येत नाहीत आणि फिल्मवर नसलेला भरड पोत फाइलमध्ये उमटतो. याला ग्रेन एलियासिंग म्हणतात. मी सरळ ‘खोटा ग्रेन’ म्हणतो. त्यावर शार्पनिंग (कडा ठळक करणं) चढवलं की संपलंच.

प्रतिसाद १
स्कॅनरच्या दिव्याचाही हात असतो. एकाच दिशेने येणारा प्रकाश चांदीवरून विखुरतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढून ग्रेन टोकदार दिसतो (कॅलिए परिणाम). पसरलेल्या प्रकाशात तीच निगेटिव्ह मऊ वाटते.

प्रश्नकर्ती
लेखात एक्सपी२ सुपर या इलफर्डच्या कृष्णधवल फिल्मचेही ‘चांदीचे कण’ आहेत.

प्रतिसाद २
ते खोडा. तिची प्रक्रिया रंगीत फिल्मसारखी, सी-४१ ची. चांदी धुऊन जाते, रंगद्रव्याचे ढग उरतात. म्हणून इन्फ्रारेडने धूळ काढणं (इन्फ्रारेड प्रकाश अडतो तिथे धूळ आहे असं मानून स्कॅनर ती पुसतो) तिच्यावर चालतं. ट्राय-एक्सवर मात्र चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि स्कॅनर चित्रालाच धूळ समजतो.

प्रश्नकर्ती
मग असं करते : ‘स्कॅनमध्ये ग्रेन मूळ निगेटिव्हपेक्षा भरड दिसू शकतो.’

प्रतिसाद १
चालेल. ‘वाढतो’ हे क्रियापद पुश प्रोसेसिंगसाठी (फिल्म नेहमीपेक्षा जास्त डेव्हलप करण्यासाठी) राखून ठेवा, तिथे तो फिल्मवरच वाढलेला असतो.