मदत हवी आहे: नाल्याची पातळी मोजायला कोणता सेन्सर टिकेल? (वडोदरा)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या नाल्याकाठी आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात पार्किंगमधल्या गाड्या काढायलाही वेळ मिळाला नाही. नदीची पातळी जाहीर होते, पण नाला उलटा कधी भरू लागला ते कोण सांगणार? स्मार्ट सिटीसारखी कंट्रोल रूम आम्हाला नकोय. आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर सेन्सर आणि वॉचमनच्या केबिनमध्ये भोंगा, बस्स.

सध्या जेएसएन-एसआर०४टी हा अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी वरून अंतर मोजणारा) सेन्सर, ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि लोरा (कमी विजेवर दूर संदेश पाठवणारा रेडिओ) असं जोडलंय. लोराच्या ८६५-८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्याला लायसन्स लागत नाही, शिवाय पुरात मोबाइल टॉवर बंद पडला तरी अडत नाही. तो भाग चोख चालतो. रडगाणं सेन्सरचं. जलपर्णीचा गठ्ठा आला की फूटभर जास्त पातळी दाखवतो, मुसळधार पावसात आकडे उड्या मारतात. अनेक रीडिंगांचा मध्यक घेऊन थोडाच फरक पडला. पीव्हीसी पाइपात बसवला, तर आत कोळ्याने जाळं विणलं. साफसफाईला खाली उतरणं अशक्य, मगरी आहेत (बाहेरगावच्यांनी हसू नये, खरंच आहेत). म्हणजे देखभाल वरूनच व्हायला हवी.

सोलर पॅनेल, बॅटरी आहे. बजेट फार तर दहा हजार. अशा गाळाच्या पाण्यात सबमर्सिबल प्रेशर सेन्सर (पाण्यात बुडवून दाबावरून खोली मोजणारा) पावसाळाभर टिकतो का, की सरळ दोन-तीन उंचींवर फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून चालू होणारे) लावून मोकळं व्हावं? कुणी प्रत्यक्ष वापरलंय का?